‘संशोधनात सिद्ध झालंय’ म्हणजे नेमकं कुठे?



आज कर्ज, हप्ता, पासबुक यांतलं काहीच बोलणार नाही. आज माझी एक चूक सांगणार आहे. ज्या घरात ती घडली, त्या घरातल्या सासूसुनेला विचारूनच बोलतेय. त्या म्हणाल्या, “सांग ताई, पण नाव घेऊ नकोस.” म्हणून नाव नाही आणि गावही नाही.

माझ्याकडे चौदा गट आहेत. सगळ्या गटांच्या अध्यक्ष, सचिव आणि बऱ्याचशा सदस्या मिळून आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. बैठकीची तारीख, बँकेचा निरोप, शिलाई मशिनच्या प्रशिक्षणाचे फॉर्म, सगळं त्यावर जातं. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी मला एक मेसेज आला. बाळंतपणानंतर येणारं डिप्रेशन हा शहरातल्या बायकांचा लाडाचा आजार आहे, त्याच्या गोळ्यांची सवय लागते, गोळ्या दुधातून बाळाच्या मेंदूत जातात, आणि शेवटी ‘अमेरिकेच्या संशोधनात सिद्ध झालंय’. मी ‘संशोधन’ हा शब्द पाहिला, दोन हात जोडल्याचं चित्र लावलं आणि मेसेज पुढे पाठवला. चुलीवर दूध होतं, मुलाची शाळेची गडबड होती. खालपर्यंत वाचलासुद्धा नाही. खाली एका काढ्याची जाहिरात होती आणि मागवण्यासाठी फोन नंबर.

आमच्या एका गटात एक मावशी आहेत. त्यांच्या सुनेला तेव्हा दुसरी मुलगी होऊन तीन महिने झाले होते. बाळंतपणानंतर ती बोलेनाशी झाली, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, ताटावर बसली की डोळ्यांतून पाणी. आशाताईंच्या लक्षात आलं. त्यांनी तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं, जिल्ह्याहून मनाचे डॉक्टर येतात त्या दिवशी दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या. पाचेक आठवड्यांत पोरगी केस विंचरायला लागली होती, बाळाशी बोलायला लागली होती.

आणि मग माझा मेसेज गेला.

मावशींनी गोळ्या बंद केल्या. माझ्यावर विश्वास म्हणून केल्या, हे मला आजही बोचतं. “ताईंनी पाठवलंय म्हणजे खरंच असणार,” असं त्या शेजारणीला म्हणाल्या होत्या. चार दिवसांत सुनेला चक्कर, मळमळ, रात्र रात्र जागरण. मावशी म्हणाल्या, बघा, मेसेजमध्ये लिहिलं होतं तशी सवयच लागली होती हिला. दुसऱ्या आठवड्यात तिनं बाळाला जवळ घेणं सोडलं. एका रात्री ती म्हणाली, “मी नसले तर पोरींचं बरं होईल.” रात्री साडेअकराला मला मावशींचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

त्याच रात्री माझ्या दिरांची गाडी काढून तिला घेऊन गेलो. ती आता चांगली आहे, मशिनवर ब्लाउज शिवते, धाकटी रांगायला लागलीय. पण ती रात्र आम्हा तिघींपैकी कुणीच विसरणार नाही.

डॉक्टर मला रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “कुठलं संशोधन ते? दाखवा, मलाही वाचायचंय.” मी मोबाइल काढला. वरून खाली तीनदा बघितलं. कुणी केलं, कुठल्या साली केलं, किती बायकांवर केलं, कुठे छापलं, एकही अक्षर नव्हतं. आपल्या गटात दहा रुपये दंड घेतला तरी रजिस्टरला तारीख, नाव, सही असते. ते नसेल तर मीच सचिवाला उभं करते. आणि बाळंतिणीच्या गोळ्यांबद्दलचा मेसेज मी बिनसहीचा पास केला होता.

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे दोन शब्द लिहून दिले. एक ‘पबमेड’ आणि दुसरा ‘लॅक्टमेड’. म्हणाल्या, “यापुढे काही आलं की आधी इथे शोधा. नाही कळलं तर मला विचारा.”

त्याबद्दल आता सांगते. सगळं इंग्रजीत आहे आणि माझं बी.ए. मराठीतलं, तेव्हा मला जमलं ते तुम्हालाही जमेल. घरात कॉलेजला जाणारी मुलगी किंवा भाची असेल तर तिला शेजारी बसवा.

पबमेड म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची यादी. १९९६ पासून ती सुरू आहे, पैसे पडत नाहीत. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत जे लेख छापले जातात त्यांच्या नोंदी त्यात असतात. नोंदीत लेखाचं नाव, लिहिणारे, साल आणि बहुतेक ठिकाणी थोडक्यात सार. पूर्ण लेख दर वेळी फुकट मिळतोच असं नाही, पण साराच्या शेवटी निष्कर्ष असतो, आपल्याला बऱ्याचदा तेवढा पुरतो. मात्र त्या यादीत नाव आहे म्हणजे खरंच आहे, असंही समजू नका. बाजार समितीत आवकेची नोंद होते ना, तशी ही नोंद आहे. माल आला एवढं कळतं. पोतं उघडून दाणा बघायचा तो आपल्यालाच.

लॅक्टमेड हे त्याच ग्रंथालयाचं. अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी फार कामाचं. औषधाचं शास्त्रीय नाव टाकायचं, म्हणजे गोळीच्या पाकिटावर बारीक अक्षरात असतं ते, कंपनीनं ठेवलेलं नाव नाही. मग ते औषध दुधात किती उतरतं, बाळाच्या रक्तात किती सापडलं, बाळांना काही त्रास झाल्याची नोंद आहे का, दुसरं कुठलं औषध देता येतं, हे सगळं तिथे असतं. सुनेच्या गोळीचं पान मी वाचलं. ती गोळी दुधात फार थोडी उतरते, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला डिप्रेशनसाठी गोळी द्यायची तर ती पहिल्या पसंतीच्या औषधांपैकी मानली जाते, असं तिथे होतं. मेसेजच्या अगदी उलट. गोळीचं नाव मी रेडिओवर सांगणार नाही. नाहीतर कुणीतरी ते कागदावर लिहून मेडिकलमध्ये जाईल, आणि मग एका चुकीवर दुसरी.

आणि सवयीचं काय? इथे मेसेजवाल्यानं खोट्यात थोडं खरं कालवलं होतं, म्हणूनच ते पटलं. मिश्रीची तलफ येते तशी या गोळ्यांची तलफ येत नाही. पण रोज घेतलेली गोळी एकदम बंद केली तर चक्कर, मळमळ, झोप उडणं असे त्रास होऊ शकतात. शिवाय दबलेला मूळ आजारही उसळतो. म्हणून या गोळ्या थांबवताना डॉक्टर हळूहळू कमी करतात. आणखी एक, या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देणाऱ्या बायका मी पाहिल्यात.

मी पहिल्यांदा पबमेडवर बसले तेव्हाची गंमत सांगते. समजेना म्हणून मोबाइलला भाषांतर करायला सांगितलं. ‘ट्रायल’चं त्यानं केलं ‘खटला’. मला वाटलं बायकांवर केस झाली की काय! आणि ‘डिप्रेशन’ एका ठिकाणी कमी दाबाचा पट्टा होऊन आलं. तेव्हा यंत्राचं भाषांतर वाचा, पण खटला दिसला तर घाबरू नका.

तर त्या यादीत मी ‘बाळंतपणानंतरचं डिप्रेशन’ आणि ‘इंडिया’ असे शब्द इंग्रजीत टाकले. शहरातल्या बायकांचा लाडाचा आजार म्हणे! मला पहिल्यांदा सापडला तो आपल्या शेजारच्या गोव्यातला अभ्यास, २००२ साली छापलेला. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर बायकांना त्यांनी अभ्यासात घेतलं आणि बाळंतपणानंतरही त्यांची विचारपूस चालू ठेवली. सहा ते आठ आठवड्यांनी बघितलं तर शंभरात २३ बायकांना डिप्रेशन होतं. कुणाला जास्त? घरात पैशाची ओढाताण असणाऱ्यांना, नवऱ्याशी धड नसणाऱ्यांना. आणि मुलगी झालेल्यांना.

हे मी मावशींना त्यांच्या ओट्यावर बसून वाचून दाखवलं. त्या बराच वेळ शेंगा सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे पोरगी झाली म्हणून नाही गं, आपण सगळ्यांनी तोंडं पाडली म्हणून.” आता अभ्यासात असं शब्दाला शब्द लिहिलेलं नाही. त्यात एवढंच आहे की मुलगी झालेल्या आयांमध्ये हा आजार जास्त दिसला. तोंडं कुणी पाडली ते आकड्यात येत नाही. पण मावशींचं वाक्य मी खोडलं नाही.

मग मला शंका आली, एका दवाखान्यातल्या २७० बायकांवरून साऱ्या देशाचं कसं सांगणार? एका गटाची वसुली चांगली म्हणून तालुक्याची चांगली असं आपण म्हणत नाही. डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, असे अनेक अभ्यास एकत्र तपासून केलेले लेख असतात, ते शोधा. आपण सगळ्या गटांचं एकत्र ऑडिट करतो तसंच समजा. तसा एक सापडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१७ साली आलेला. भारतातले ३८ अभ्यास, त्यातल्या मिळून २०,०४३ आया, आणि सरासरी शंभरात २२ जणींना बाळंतपणानंतरचं डिप्रेशन. गोव्यातल्या त्या एका दवाखान्यात २३, देशभरच्या अभ्यासांत २२. शंभरात बावीस म्हणजे आपल्या दहा-बारा जणींच्या गटात दोघी. हिशेब करून बघितला आणि मी गप्प झाले. कारण मला माझ्या पहिल्या बाळंतपणानंतरचे दिवस आठवले. तेव्हा त्याला नाव नव्हतं. आई म्हणायची, बाहेरचं काही लागलं असेल.

आता कुणी म्हणेल, ताई, एवढे आकडे कशाला? आमच्या नणंदेला काढ्यानं गुण आला, आम्ही डोळ्यांनी पाहिलं. मी खोटं म्हणणार नाही. पण शेतात बघा. तुम्ही ज्वारीला नवीन खत टाकलं आणि पीक चांगलं आलं. खतानं आलं की त्या वर्षी पाऊस बरा झाला म्हणून आलं? कळायचं कसं? एकाच शिवारात, एकाच मातीचे दोन तुकडे घ्यायचे, एकाला खत टाकायचं, दुसऱ्याला नाही, बाकी सगळं सारखं. चांगल्या संशोधनात माणसांचं असंच करतात. कोण कुठल्या बाजूला जाणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतात, म्हणजे मुळातच बरी असलेली माणसं एका बाजूला जमायला नकोत. हाच तो ‘खटला’, मोबाइलनं केलेला!

गोव्यातच असा एक झाला. २०१७ च्या लॅन्सेट या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात आहे. संगाथ नावाची संस्था गोव्यात १९९६ पासून काम करते, त्यांचं हे काम. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेले, बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशन असलेले ४९५ जण त्यांनी घेतले. एका बाजूला नेहमीचे उपचार, जरा नीट करून दिलेले. दुसऱ्या बाजूला तेच उपचार आणि वर सहा ते आठ भेटींचं समुपदेशन. आणि हे समुपदेशन करणारे कोण? डॉक्टर नाहीत, मानसशास्त्राची पदवी घेतलेले नाहीत. तिथलीच साधी माणसं, प्रशिक्षण दिलेली. तीन महिन्यांनी नुसते उपचार घेतलेल्यांपैकी शंभरात ३९ जण आजारातून वर आले होते, आणि समुपदेशनही मिळालेल्यांपैकी ६४. हे वाचून मी आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत मोठ्यानं सांगितलं. प्रशिक्षण घेऊन आपल्यासारख्या बायकाही कुणाच्या तरी उपयोगाला येऊ शकतात, हे कुणी मोटिव्हेशनच्या भाषणात सांगितलं असतं तर मी जांभई दिली असती. इथे मोजून दाखवलंय. मात्र यावरून गोळ्या सोडा, गप्पा मारा, असा अर्थ काढू नका. तो मेसेज माझ्याकडून आता जाणार नाही.

बरं, लॅन्सेटमध्ये छापलं म्हणून डोळे मिटून घ्यायचं का? तर तेही नाही. १९९८ साली याच लॅन्सेटमध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरांचा लेख आला होता. गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लसीचा स्वमग्नतेशी, म्हणजे ऑटिझमशी, संबंध असावा अशी शंका त्यातून निघाली. किती मुलांवरून? १२. बारा! आपल्या अंगणवाडीच्या एका ओळीत बसतील एवढी. पुढे त्या कामात गैरप्रकार निघाले, लॅन्सेटनं २०१० साली लेख मागे घेतला, इंग्लंडमध्ये त्यांचा डॉक्टरकीचा परवाना गेला. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांचा अभ्यास झाला, २०१९ साली छापला गेला, लसीचा आणि स्वमग्नतेचा संबंध आढळला नाही. तरी आजही गोवर-रुबेलाच्या लसीकरणाला एखादी आई पोराला लपवून ठेवते आणि मोबाइल पुढे करते. पबमेडवर मागे घेतलेल्या लेखावर तसा शिक्का असतो, तो बघायची सवय लावा. मोबाइलवरच्या मेसेजवर कुणी शिक्का मारत नाही, तो फिरतच राहतो.

इंग्रजी लेखांचा कंटाळा येत असेल तर कॉक्रेन बघा. आर्ची कॉक्रेन नावाचे ब्रिटिश डॉक्टर होते, त्यांच्या नावानं १९९३ पासून ही संस्था चालते. एकेका प्रश्नावरचे सगळे चांगले अभ्यास गोळा करून तपासतात आणि शेवटी साध्या भाषेत सार देतात. मला त्यांचं आवडतं ते एवढ्यासाठी, की पुरावा कमी असेल तर ‘अजून सांगता येत नाही’ असं चक्क लिहितात. काढा विकणारा तसं लिहिल का कधी?

आपल्या देशाचे आकडे हवे असतील तर बंगळुरूची निमहान्स ही सरकारी संस्था. त्यांनी २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात प्रौढांपैकी शंभरात साधारण साडेदहा जणांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. पण त्यात १२ राज्यं होती आणि आपला महाराष्ट्र नव्हता. हे मला अहवालातली यादी वाचल्यावर कळलं. त्याआधी मी एका कार्यक्रमात ‘महाराष्ट्रात शंभरात दहा’ असं ठोकून दिलं होतं, टाळ्याही मिळाल्या होत्या.

आता नवीन आलंय ते मोबाइलला प्रश्न विचारायचं. तो गोड बोलतो, मराठीत बोलतो, रात्री दोनलाही बोलतो. मीही विचारते. एकदा म्हटलं, या उत्तराला आधार काय? त्यानं चार लेखांची नावं दिली, लिहिणाऱ्यांसकट, सालासकट. पबमेडवर शोधली. दोन सापडली. दोन कुठेच नव्हती. तेव्हापासून त्यानं सांगितलेलं नाव आधी शोधते, मगच पुढचं.

आमच्या ग्रुपवर आता एक ठराव झालाय, बैठकीत सह्यांनिशी. औषधाचा, आजाराचा मेसेज आला तर कुणी केलं, कधी, कितीजणांवर, आणि खाली काही विकायला ठेवलंय का, हे बघितल्याशिवाय पुढे जाणार नाही. पहिल्या महिन्यात मीच दोनदा दंड भरला. मेसेज कमी झालेत. काहीजणी रुसल्यात, त्यांनी वेगळा ग्रुप काढलाय, त्यावर सगळं चालतं म्हणे. आणि सर्वांत जास्त कोण अडवतं माहितीये? मावशी. त्यांना मोबाइल नीट वाचता येत नाही, त्या सुनेकडून वाचून घेतात आणि तिच्याच आवाजात ग्रुपवर टाकायला लावतात, “साल कुठाय यात?”

शेवटी, तुमच्या घरात आज रात्री कुणी झोपत नसेल, जेवत नसेल, ‘मी नसले तर बरं’ असं म्हणत असेल, तर त्या वेळी पबमेड उघडत बसू नका. तिला एकटीला सोडू नका. सरकारची टेलिमानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, रात्री-अपरात्री कधीही फोन लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही. दुसऱ्या दिवशी आशाताईंना नाहीतर उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा, मनाचे डॉक्टर तालुक्याला कुठल्या वारी येतात ते त्या सांगतील.

टेलिमानसचा नंबर लिहून घ्या. पेन नसेल तर चुलीतल्या कोळशानं भिंतीवर लिहा, मी थांबते. एक, चार, चार, एक, सहा. परत सांगते. १४४१६.